पंख्याचं विमान आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात गोव्याच्या फ्लाय९१ बद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेसेजेस यांचा नुसता पाऊस पडला. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही मोपाच्या विमानतळावरून चालणारी लहान एअरलाईन, ९१ म्हणजे आपल्या देशाचा फोनचा कोड. १८ मार्च २०२४ ला नियमित विमानं सुरू केली, पहिल्या दिवशी गोवा-बेंगळुरू आणि बेंगळुरू-सिंधुदुर्ग. सगळी विमानं एकाच जातीची, सत्तर-बहात्तर सीटांची एटीआर ७२. मग जळगाव, पुणे, सोलापूर, लक्षद्वीपचं अगत्ती अशी नावं जोडली गेली, म्हणजे जिथे मोठ्या कंपन्या ढुंकून बघत नाहीत अशीच बरीचशी. मी पायलट नाही, बावीस वर्षं विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये घासलीत, त्यामुळे उत्तरं जमिनीवरून वर बघणाऱ्याची आहेत हे धरून वाचा.

कुडाळहून एक ताई लिहितात: आई ७४ वर्षांची आहे, तिला बेंगळुरूला बहिणीकडे जायचंय. चिपीहून, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळावरून, थेट विमान आहे म्हणून आम्ही खूष होतो, पण तिने फोटोत पंखा बघितला आणि आता म्हणते "ह्या पंख्याच्या इमानात मी बसूचंय नाय". तिला काय सांगू? खरं सांगायचं तर मलाही जरा धाकधूकच आहे.

ताई, आधी आईंना सांगा की जुना दिसतो तो फक्त पंखा, त्याच्या मागे जे बसलंय ते जेट इंजिनच आहे. म्हणजे आत तीच टर्बाइन, फक्त तिची ताकद मागे झोत सोडायला न वापरता पुढचा सहा पात्यांचा पंखा फिरवायला वापरतात. कमी अंतरावर, कमी उंचीवर हे स्वस्त पडतं, इंधन खूप कमी पितं, म्हणून लहान रूटवर हेच विमान. एटीआर ही फ्रेंच आणि इटालियन अशी मिळून कंपनी आहे, कारखाना फ्रान्समध्ये तुलूजला, आणि हे ७२ मॉडेल पहिल्यांदा १९८८ साली उडालं. म्हणजे काल-परवाचा प्रयोग नव्हे. आपल्याकडे अलायन्स एअर वापरते, इंडिगोसुद्धा २०१७ पासून वापरते.

आता सेफ्टीचं. लोकांना वाटतं लहान विमान म्हणजे नियम पण लहान. तसं नाहीये. हे विमान ज्या दर्जाच्या नियमांखाली पास होतं त्याच नियमांखाली एअरबस आणि बोइंग पास होतात, त्यात एक अट अशी की ऐन उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर वर चढता आलं पाहिजे. पुढे दोन पायलट, तपासणारी डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा, तीच. अपघात झालेच नाहीत असं मी म्हणणार नाही, तुमच्या घरात कोणीतरी यूट्यूबवर बघितलेलेच असणार. जानेवारी २०२३ मध्ये नेपाळला पोखऱ्यात एटीआर पडलं, ७२ माणसं गेली, चौकशीत निघालं की उतरताना चुकीचा लिव्हर ओढला गेला आणि दोन्ही पंख्यांचा जोर गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्राझीलला पडलं, ६२ गेले, तिथे पंखांवर बर्फ धरण्याचा मुद्दा पुढे आला. दोन्ही भयंकर, पण दोन्हीत पंखा आहे म्हणून पडलं असं काही नाही.

मात्र एक कबूल करायला हवं, हादरे जास्त बसतात. मोठं जेट पस्तीस हजार फुटांच्या वर ढगांच्या डोक्यावरून जातं, एटीआरची कमाल मर्यादाच २५ हजार, त्यात वजनाने हलकं, त्यामुळे जून-जुलैत घाटावरून येताना एसटीत बसल्यासारखं वाटतं. भीतीदायक असतं, सहसा धोकादायक नसतं, हे आईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी देव आठवणार नाहीत (आठवले तरी चालतील). सीट मागची घ्या. पंखे पुढच्या भागाला आहेत म्हणून आवाज तिथे जास्त, आणि चढायचं दार मागेच असतं, दाराच्याच आतल्या अंगाला पायऱ्या असतात, पाच-सहाच, एरोब्रिज वगैरे भानगड नाही. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगा, त्या दिवशी काउंटरवर जाऊन नको. आणि विमान अर्धं रिकामं असलं तरी स्टाफने "याच सीटवर बसा" म्हटलं तर वाद घालू नका, लहान विमानात माणसं आणि सामान कुठे किती यावर तोल सांभाळलेला असतो. माझ्या नोकरीत या एका गोष्टीवरून मी जेवढी बोलणी खाल्लीत तेवढी बॅग हरवल्यावर पण खाल्ली नाहीत.

खरं सांगू का, या विमानांची भीती बाळगायचीच असेल तर पंख्याची नका बाळगू, वेळापत्रकाची बाळगा. त्याचं पुढे येतंच आहे.

सोलापूरहून एक वाचक: आमच्याकडे इतकी वर्षं विमानतळ असून विमान नव्हतं, मग एकदम गोवा सुरू झालं. आम्हाला पाहिजे होती मुंबई. हे असं उलटं का होतं? आणि दोनशे सीटांचं मोठं विमान का आणत नाहीत, आमचं गाव काय लहान आहे का?

गाव लहान नाही हो, पण हिशोब ऐका. तुमचं होटगी रोडचं विमानतळ म्हणजे सोलापूरकरांच्या सहनशक्तीचं स्मारकच, तिकडे बोरामणीचं नवीन विमानतळ वर्षानुवर्षं कागदावर, आणि इकडे सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत. ती १५ जून २०२३ ला पाडली, त्यावरून गावात दोन तट पडले ते अजून मिटलेत असं मला वाटत नाही. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन, आणि प्रत्यक्ष विमान उडालं ९ जून २०२५ ला, गोव्याला. मुंबई त्यानंतर ऑक्टोबरमध्ये स्टार एअरने सुरू केली.

गोवा आधी का, तर गोव्यात फ्लाय९१ चं घरच आहे. विमान रात्री तिथे झोपतं, मेकॅनिक तिथे, सकाळी निघून परत घरी यायचं, म्हणून नवा रूट घरापासूनच काढणं सोपं. शिवाय गोव्याहून पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला येणारा भाविक आहे, आणि सोलापूरहून गोव्याला कोण जातं ते मी सांगायला नको. मुंबईचं दुखणं वेगळंच आहे, तिथे उतरायला वेळ, म्हणजे स्लॉट, मिळत नाही. एकाच धावपट्टीवरून एका वेळी कामकाज चालतं आणि सगळा दिवस भरलेला. मोठ्या कंपनीला तो एक स्लॉट मिळाला तर ती १८० लोकांचं दिल्ली करेल की सत्तर लोकांचं सोलापूर? नवी मुंबई २५ डिसेंबर २०२५ ला चालू झालंय, त्यामुळे हा गळफास थोडा सैल व्हावा अशी आशा आहे.

आणि मोठं विमान. एकदा बसून गणित करा. १८० सीटांचं विमान रोज भरायला जाऊन-येऊन ३६० माणसं लागतात, रोज, श्रावणात पण आणि पितृपक्षात पण. वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईला साडेसहा तासांत नेते, तिथले पण प्रवासी तुमचेच. सत्तर सीटा त्या मानाने भरतात. शिवाय आपल्याकडे एक गंमत आहे जी बाहेर फारशी कोणाला माहीत नसते, देशातल्या नियमित सेवेत ८० पेक्षा कमी सीटांचं विमान असेल तर विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर लँडिंगचं भाडंच लागत नाही. लहान विमानाच्या इंधनावरचा विक्रीकरही कमी ठेवलेला आहे. म्हणून तुम्हाला सगळीकडे ७०, ७२, ७६ असे आकडे दिसतात, ८० ची रेघ कोणी ओलांडत नाही. स्टार एअरचं एम्ब्राएर बघा, पंख्याचं नाही, जेट आहे, पण सीटा ७६.

जळगावचे एक काका, निवृत्त मास्तर: २०१७ मध्ये आमच्याकडे अठरा सीटांचं विमान आलं तेव्हा मी नातवाला घेऊन बघायला गेलो होतो. ते बंद पडलं. मग दुसरी कंपनी आली, ती पण गेली. आता ही तिसरी, फ्लाय९१. ही तरी टिकेल का, का नातवाच्या मुलाला घेऊन चौथी बघायला जायचं?

काका, तुमचं पत्र वाचून हसलो आणि मग वाईट वाटलं, कारण तुम्ही सांगितलेला क्रम अगदी बरोबर आहे. जळगावचा विमानतळ २०१२ ला प्रतिभाताई राष्ट्रपती असताना झाला, आणि नियमित विमान यायला उजाडलं २३ डिसेंबर २०१७. ते कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनचं, बीचक्राफ्ट नावाचं छोटंसं विमान, मुंबईहून. मुंबईत सोयीचा स्लॉट मिळेना ही तेव्हाची मोठी बोंब होती, विमान कधी येणार कधी नाही याचा भरवसा नाही, आणि ज्या गोष्टीचा भरवसा नाही त्यासाठी माणूस रात्रीची रेल्वे सोडत नाही. जळगावसारख्या मेन लाईनवरच्या गावात तर नाहीच नाही. मग ट्रूजेट आली, तिचाही २०२२ मध्ये देशभरातलाच गाशा गुंडाळला गेला.

हे तुमच्याच गावाचं नशीब नाही. छोट्या गावांसाठी विमान हा विचार जुना आहे, १९८१ ला सरकारने वायुदूत काढली होती, ती १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विरली. मग २०१६ ला उडान योजना आली, "उडे देश का आम नागरिक", एप्रिल २०१७ ला पहिली विमानं उडाली, त्यातलं एक आपलं नांदेड-हैदराबाद होतं. योजना अशी की कंपनीने निम्म्या सीटा स्वस्तात द्यायच्या, तोटा सरकार भरून देणार, पण तीनच वर्षं, आणि तेवढा काळ त्या रूटवर दुसऱ्या कोणाला येऊ द्यायचं नाही. कल्पना चांगली होती, काही गावांचं भलंही झालं. पण २०२३ च्या कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांच्या, अहवालात आकडे आले ते असे, की दिलेल्या ७७४ रूटपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली. आणि तीन वर्षांनंतर, मदत थांबल्यावर, मार्च २०२३ ला चालू होते फक्त ५४.

हे का होतं ते मला आतून बघायला मिळालंय म्हणून सांगतो. समजा कंपनीकडे तीनच विमानं आहेत. त्यातलं एक पक्षी धडकून किंवा एखादा पार्ट मिळेना म्हणून जमिनीवर बसलं, तर मोठ्या कंपनीचं शंभरातलं एक जातं, हिचा तिसरा हिस्सा गेला. मग कोणाचं विमान कापायचं? जिथे बुकिंग कमी तिथलं, म्हणजे जळगावचं. लोकांचा भरवसा उडाला की बुकिंग आणखी कमी, मग पुढच्या वेळी परत तुमचंच कापलं जातं. पायलटचंही असंच, लहान विमानावर तास भरले की तो एअरबसकडे पळतो, आणि त्याला दोष कसा देणार, पगार दुप्पट असतो. कंपनी विमान भाड्याने घेते ते डॉलरमध्ये, पार्ट डॉलरमध्ये, आणि कमाई जळगाव-पुणे तिकिटाच्या रुपयात.

आता या नवीन कंपनीबद्दल मला काय वाटतं. दोन-तीन गोष्टी बऱ्या केल्यात. एकाच जातीचं विमान ठेवलंय त्यामुळे पार्ट, पायलट, मेकॅनिक सगळं एकच. घर गोव्यात ठेवलंय जिथे बाराही महिने पैसे खर्च करणारा माणूस येतो. आणि सुरू करणारे मनोज चाको हे याच धंद्यातले, आधी किंगफिशरमध्ये होते, म्हणजे एअरलाईन कशी बुडते हे त्यांनी जवळून बघितलंय, त्याचाही उपयोग होत असेल. पण तुम्ही गावातून पारखायचं असेल तर उद्घाटनाचे हारतुरे बघू नका. विमान आठवड्यातून किती दिवस येतं, आणि तीन महिने तेच दिवस तीच वेळ राहते का, एवढंच बघा. आठवड्यातून दोनदा येणारं विमान फिरायला जाणाऱ्याच्या कामाचं, सोन्याच्या पेढीवाल्याला किंवा केळीच्या व्यापाऱ्याला ते काय कामाचं, त्याला मंगळवारी जायचंय आणि विमान आहे गुरुवारी. त्या माणसाने गाडी सोडून विमान धरलं तर समजा टिकलं. मला पैज लावायला सांगितलीत तर टिकेल यावर लावेन, पण शंभर रुपयांचीच लावेन.

पुण्याहून एक वाचक, जरा रागावलेले: चुलत भावाच्या लग्नाला कुडाळला जायचं होतं. एका कंपनीचं तिकीट महिनाभर आधी काढलं. सकाळी चार तास आधी मेसेज, "ऑपरेशनल कारणामुळे रद्द". तिकिटाचे पैसे आले पण आम्ही चौघं ऐनवेळी टॅक्सी करून गेलो, त्याचे कोण देणार?

टॅक्सीचे कोणी देणार नाही, हे आधी सांगतो म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पण तुम्हाला तिकिटाच्या पैशावर आणखी काही मिळू शकत होतं. डीजीसीएचा नियम असा आहे की रद्द करायचं तर दोन आठवडे आधी कळवा, निदान २४ तास आधी तरी कळवून दुसरं विमान द्या किंवा पैसे परत द्या. तुम्हाला चार तास आधी कळवलं म्हणजे भरपाईचा प्रश्न येतो. १ तासापर्यंतच्या फ्लाइटला ५००० रुपये, १ ते २ तासांच्या फ्लाइटला ७५००, त्यापुढे १०,०००, किंवा तिकिटाचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, या दोनातलं जे कमी असेल ते. "जे कमी" हीच मेख आहे, म्हणून आकडा बघून फार हुरळू नका. हवामान, एटीसी (विमानांना वाट देणारा नियंत्रण कक्ष), सुरक्षा असं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई लागत नाही. पण "ऑपरेशनल" हा शब्द म्हणजे काही कवच नाही, पायलट नव्हता हे सुद्धा ऑपरेशनलच आणि धुकं होतं हे पण ऑपरेशनलच. म्हणून मेल करून नेमकं कारण लेखी मागा, मग एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, पीएनआर आणि मेसेजचा स्क्रीनशॉट जोडून. पैशाऐवजी क्रेडिट देतो म्हणाले तर ते घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, त्यांनी नाही. उशीर झाला तर वेगळं, अशा छोट्या फ्लाइटला दोन तासांच्या वर उशीर झाला की चहा-नाश्ता द्यायचा, सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे.

आणि एक जे कुठल्या नियमात नाही ते. लग्न, परीक्षा, व्हिसाची अपॉइंटमेंट, कोर्टाची तारीख असेल तर लहान विमानतळावर आदल्या दिवशीचं विमान पकडा, त्याच दिवसाचं नको. बऱ्याच ठिकाणी ढगात वाट दाखवणारी यंत्रणा नसते, पायलटला धावपट्टी डोळ्याने दिसावी लागते, अंधार पडायच्या आत काम उरकावं लागतं, म्हणजे सकाळचं विमान तीन तास लेट झालं की संध्याकाळचं रद्दच. पुढे परदेशाचं विमान असेल तर दोन्ही एकाच तिकिटावर असल्याशिवाय मी तरी जाणार नाही.

नांदेडहून एक विद्यार्थिनी: सर, २५०० रुपयांत विमान म्हणतात ते नक्की कुठे मिळतं? मला कधीच दिसलं नाही.

तुला दिसलं नाही कारण तू माझ्यासारखीच दोन दिवस आधी बघत असणार. २५०० हा आकडा उडान योजना आली तेव्हाचा, साधारण तासभराच्या किंवा ५०० किलोमीटरच्या प्रवासाला, आणि तो फक्त योजनेतल्या निम्म्या सीटांना. त्या सीटा आधी बुक करणारे घेऊन जातात, उरलेल्या निम्म्या बाजारभावाने. मर्यादा पण नंतर वाढत गेली. आणि ज्या रूटची तीन वर्षं संपली तिथे मर्यादाच नाही. महिना-दीड महिना आधी, मधल्या वाराचं बघ, शुक्रवार-रविवार नको. आणि जायचं रद्द झालं तर तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी त्यातला टॅक्स आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं, बरेच जण मागतच नाहीत.

आता फटाफट. वेंगुर्ल्याहून विचारलंय, हापूसची पेटी नेता येते का. येते, चेक-इनमध्ये द्या, पण वजन तिकिटावर बघा, पेटी चांगली बांधा. कोकम आगळ चेक-इनमध्येच, प्लॅस्टिकच्या बाटलीत आणि दोन पिशव्यांत, मी फुटलेलं आगळ पुसलंय म्हणून सांगतो. सुकं खोबरं मात्र कुठेच नाही, हातात पण नाही आणि चेक-इनमध्ये पण नाही, त्यात तेल असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दर महिन्याला एखादी आजी काउंटरवर यावरून रडकुंडीला येते आणि स्टाफला पण वाईट वाटतं.

मडगावहून, गोवा-अगत्ती तिकीट काढून सरळ जाता येतं का? नाही. लक्षद्वीपला जायला परमिट लागतं, आधी ते आणि राहायचं ठिकाण पक्कं करा, मग तिकीट. तिथली धावपट्टी इतकी आखूड आहे की एटीआर पण कमी वजन घेऊन जातं, त्यामुळे सामान नेमकंच ठेवा. आणि गोव्याहून निघताना बॅगेत बाटली टाकायची सवय असेल तर मोडा, अगत्तीला दारूबंदी आहे.

पुण्याहून एका काकूंनी विचारलंय, चिपीला उतरताना समुद्र कुठल्या बाजूला दिसतो. पुण्याहून खाली दक्षिणेला येताय म्हणजे उजवीकडची खिडकी. या विमानाचे पंख वरच्या बाजूला असतात त्यामुळे त्या बाजूची कुठलीही खिडकी घ्या, खालचं सगळं मोकळं दिसतं. मधल्या खिडक्यांतून उतरताना चाक बाहेर येतं ते पण दिसतं, मुलं त्यासाठी भांडतात. कुडाळच्या ताई, आईंना तेवढं तिथे बसवू नका.